सर्पदंश, घोडा आणि पांढरा उंदीर

प्राण्यांवर प्रयोग करावेत की करू नयेत हा प्रश्न निघाला की, बहुधा लगेच दोन तट पडतात. एका तटाचे म्हणणे असे की, मुक्या जीवांना यातना देऊन मिळविलेले ज्ञान आम्हांस नको. दुसरा तट विचारतो, मग मधुमेह्याचे इन्सुलिन आणि मुलांची पोलिओची लसही नको काय? दोन्हीकडून तावातावाने भाषणे होतात आणि शेवटी जो तो आपले मत होते तसेच घेऊन घरी जातो. माझ्या समजुतीने या वादातला घोटाळा एका शब्दात आहे. ‘प्राण्यांवरील प्रयोग’ या एका गाठोड्यात आपण इतक्या निरनिराळ्या वस्तू बांधल्या आहेत की, त्या सर्वांना मिळून ‘हो’ किंवा ‘नाही’ असे एकच उत्तर देणे शक्य नाही. म्हणून आज ते सबंध गाठोडे सोडावयास मी बसणार नाही. त्यातील एकच वस्तू बाहेर काढून ती आपणांपुढे ठेवणार आहे. ती वस्तू म्हणजे दहा मिलिलिटर औषधाची एक लहानशी काचेची कुपी. साप चावलेल्या माणसाला तालुक्याच्या दवाखान्यात शिरेतून जे औषध देतात, ते या कुपीत असते.

लोक त्याला ‘सापाची लस’ म्हणतात. वस्तुतः ती लस नव्हे. लस निरोगी माणसाला आधी टोचावयाची असते, आणि प्रतिकाराची द्रव्ये त्याच्या शरीराने स्वतः तयार करावयाची असतात. सर्पदंश झालेल्या माणसाला तेवढी सवड नसते. त्याला ती द्रव्ये दुसऱ्या कोणाच्या तरी शरीरात आधीच बनलेली, अशी आयती द्यावी लागतात. हा दुसरा कोणी म्हणजे घोडा. आणि घोड्याच्या रक्तातून काढलेले ते द्रव्य खरोखर गुणकारी उतरले आहे की नाही, हे ज्याच्यावर पाहतात तो पांढरा उंदीर. या औषधाला आपण प्रतिविष म्हणू.

प्रतिविष कोणासाठी लागते, हे प्रथम पाहिले पाहिजे. २००० ते २०१९ या वीस वर्षांत भारतात सर्पदंशाने किती माणसे दगावली, याचा एक विस्तृत अभ्यास २०२० मध्ये प्रसिद्ध झाला. त्यातील अंदाज सुमारे बारा लाखांचा, म्हणजे वर्षाला सरासरी ५८,००० माणसांचा आहे. यांतील सत्तर टक्क्यांच्या आसपास मृत्यू आठ राज्यांत झाले, आणि त्या आठांत मध्य प्रदेश, गुजरात व तेलंगणासह आंध्र प्रदेश ही राज्ये आहेत. इंदूर, ग्वाल्हेर, बडोदे किंवा हैदराबाद येथे राहणाऱ्या आपल्या मंडळींना शहरात बसून याची कल्पना येत नाही. पण तेथून दहावीस मैलांवरच्या खेड्यात जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत शेतावर जाणे म्हणजे काय असते, हे तेथल्या शेतकऱ्याला विचारावे. वर्षभरातले निम्मे मृत्यू या चार महिन्यांतच होतात. अनवाणी पायांनी चिखलात उभे राहणारा, रात्री पाणी धरावयास बांधावर जाणारा, घरात जमिनीवर अंथरूण टाकून निजणारा, असाच माणूस बहुधा यात सापडतो. जागतिक आरोग्य संघटनेने सर्पदंशाचा समावेश दुर्लक्षित रोगांच्या यादीत केला तो २०१७ मध्ये. दुर्लक्षित हा शब्द येथे अगदी चपखल आहे; कारण ज्यांना साप चावतो त्यांच्याकडे एरवीही फारसे कोणाचे लक्ष नसते.

एवढे ध्यानात ठेवून आता मागे वळू. १८८७ मध्ये अमेरिकेतील हेन्री सेवॉल या शास्त्रज्ञाने कबुतरांना एका विषारी सापाचे विष अगदी थोडे, मग किंचित अधिक, असे वाढवीत टोचले. काही दिवसांनी ती कबुतरे इतर कबुतरांना हमखास मारणारी मात्रा पचवू लागली. पुढे १८९० मध्ये बेरिंग व कितासातो यांनी दाखवून दिले की, असा प्रतिकार रक्तातील द्रवात असतो, आणि तो द्रव दुसऱ्या प्राण्याला दिला तर प्रतिकारही त्याच्यासवे जातो. त्यांचे काम घटसर्प व धनुर्वात यांवरचे होते. सापाच्या विषाशी त्याची सांगड घालणाऱ्यांत आल्बेर काल्मेत हा फ्रेंच शास्त्रज्ञ अग्रभागी होता. तो व्हिएतनाममधील सायगाव येथे असताना, पुराच्या वेळी एका गावात नाग शिरले आणि माणसे दगावली. त्या गावातून त्याच्याकडे जिवंत नाग पाठविण्यात आले आणि त्याच्या अभ्यासाला आरंभ झाला. फ्रान्सला परतल्यावर १८९५ च्या सुमारास त्याने घोड्यांच्या रक्तापासून पहिले प्रतिविष सिद्ध केले.

काल्मेतची अशी समजूत होती की, नागाच्या विषावर तयार केलेले हे औषध सर्व सापांवर चालेल. ती समजूत चुकीची ठरली, आणि ती खोडून काढण्यात मुंबईचा वाटा आहे. परळच्या प्लेग संशोधनशाळेत, जिला १९२५ पासून आपण हाफकिन इन्स्टिट्यूट म्हणतो, जॉर्ज लॅम नावाचे वैद्यकीय अधिकारी काम करीत असत. त्यांनी विसाव्या शतकाच्या पहिल्या काही वर्षांत, येथे आणि नंतर इतरत्र केलेल्या प्रयोगांवरून असे दाखविले की, नागावरचे प्रतिविष घोणशीच्या विषापुढे निरुपयोगी आहे. ज्या जातीचे विष, त्या जातीचे प्रतिविष. म्हणून आपल्याकडील कुपीत आज नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चौघांवरची प्रतिविषे एकत्र असतात. रुग्ण ‘काहीतरी काळे सळसळले’ यापलीकडे सांगू शकत नाही; त्याला कोणता साप चावला हे ठरविण्याची वाट पाहत बसावे लागू नये, हा या मिश्रणाचा हेतू.

आता घोड्याकडे वळू. घोडाच का? एक तर त्याच्या अंगात रक्त भरपूर, आणि दुसरे म्हणजे माणसाच्या संगतीत शतकानुशतके राहिल्यामुळे तो हाताळावयास सोपा. त्याला सापाचे विष अत्यल्प प्रमाणात, प्रतिकारशक्तीला चेतविणाऱ्या एका द्रव्यात कालवून, कातडीखाली टोचतात. पुढील काही आठवड्यांत ही मात्रा वाढवीत नेतात. घोड्याचे शरीर या परकीय द्रव्यांवर प्रतिपिंडे तयार करते. प्रतिपिंड म्हणजे एका विशिष्ट विषाच्या रेणूला घट्ट चिकटून त्याला निकामी करणारे प्रथिन. ही प्रतिपिंडे रक्तात पुरेशी साठली की घोड्याच्या मानेच्या शिरेतून रक्त काढतात. किती काढावे याला मर्यादा आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या मार्गदर्शिकेत शरीराच्या प्रत्येक किलोमागे १३ ते १५ मिलिलिटर असे प्रमाण दिलेले आहे. म्हणजे साडेतीनशे किलोच्या घोड्यापासून साडेचार ते सव्वापाच लिटर. चांगल्या तबेल्यात रक्तातील तांबड्या पेशी वेगळ्या काढून त्या घोड्याला परत देतात आणि वरचा पिवळसर द्रव तेवढा ठेवून घेतात. त्यामुळे घोडा लवकर भरून येतो. मग त्या द्रवावर पेप्सिनची क्रिया करून प्रतिपिंडाचा जो भाग विषाला धरतो तो तेवढा राखतात, शुद्ध करतात, आणि गोठवून वाळवितात. कुपीच्या तळाशी जी पांढरी भुकटी दिसते ती हीच.

या कामी घोडा मारावा लागत नाही. तो वर्षानुवर्षे जगतो. एवढे ऐकून पुष्कळांचे समाधान होते. माझे होत नाही. विष टोचल्याच्या जागी गळवे होतात, क्वचित ती चिघळतात. रक्त वारंवार व अधिक काढल्यास पंडुरोग होतो. प्रतिकारशक्ती वर्षानुवर्षे चेतवीत ठेवल्याने यकृतात एक प्रकारचे प्रथिन साचून ते बिघडते. यांपैकी किती दुःख या कामातून अटळपणे येते आणि किती निव्वळ हयगयीतून येते, हा खरा प्रश्न आहे. सुई निर्जंतुक असावी, एकाच जागी फार विष न टोचता ते अनेक ठिकाणी थोडेथोडे टोचावे, रक्त काढण्यापूर्वी ते तपासावे, पांडुरता दिसली की घोड्याला सोडावे, त्याला चरावयास मोकळी जागा असावी. या गोष्टींनी औषध रतिभरही कमी होत नाही. उलट, अशक्त घोड्याच्या रक्तातून येणारे प्रतिविषही अशक्तच असते. गेल्या दशकात आपल्या देशातील अशा काही तबेल्यांची पाहणी झाली, तेव्हा काही ठिकाणी कृश, जखमी आणि पायाच्या खुरांकडे कोणी पाहिलेले नाही अशी जनावरे आढळली. ही दुःखे सर्पदंशाच्या रुग्णासाठी सोसलेली नव्हेत. ती केवळ मालकाच्या काटकसरीसाठी सोसलेली आहेत. या दोहोंची गल्लत करून, ‘माणसाच्या जिवासाठी हे चालावयाचेच’ असे म्हणणे सोपे आहे. पण ते खरे नाही.

उंदराची गोष्ट याहून कठीण आहे. औषधाची नवी खेप तयार झाली की तिचे बळ मोजावे लागते. भारतीय औषधकोशाचा दंडक असा की, एक मिलिलिटर प्रतिविषाने नागाचे व घोणशीचे प्रत्येकी ०.६० मिलिग्रॅम आणि मण्यारीचे व फुरशाचे प्रत्येकी ०.४५ मिलिग्रॅम विष निकामी केले पाहिजे. हे आकडे निव्वळ कागदावरचे नव्हेत. घोणस एका दंशात सरासरी साठ मिलिग्रॅमच्या आसपास विष सोडते असा हिशेब आहे. दहा कुप्यांत शंभर मिलिलिटर औषध, आणि शंभरांस ०.६० ने गुणले की साठ. सर्पदंशाच्या रुग्णाला आरंभी आठ ते दहा कुप्या देतात त्याचे इंगित यात आहे. कुपीचे बळ निम्मे भरले, तर दहा कुप्या देऊनही निम्मे विष रुग्णाच्या अंगात मोकळे राहील. तेव्हा मोजमाप टाळता येत नाही, हे उघड आहे.

ते मोजतात ते असे. अठरा ते वीस ग्रॅम वजनाच्या पांढऱ्या उंदरांचे गट करतात. प्रथम प्रत्येक सापाच्या विषाची अशी मात्रा शोधतात, की जिने गटातले निम्मे उंदीर मरावेत. मग त्या मात्रेच्या काही पट विष घेऊन त्यात प्रतिविष कमीअधिक प्रमाणात मिसळतात, ते मिश्रण अर्धा तास शरीराच्या उष्णतेइतक्या उबेत ठेवतात, आणि उंदराच्या शेपटीतील शिरेत टोचतात. दुसऱ्या दिवशी मेलेले व जगलेले मोजतात. समजा, एका विषासाठी पाच प्रमाणे आणि प्रत्येक प्रमाणाला सहा उंदीर धरले, तर चार सापांचे मिळून एकशेवीस उंदीर एका खेपेच्या या एका परीक्षेला लागले. हे आकडे केवळ हिशेबासाठी घेतले आहेत. परंतु यावरून परीक्षेचे स्वरूप कळते. ती यशस्वी व्हावयाची तर काही उंदीर मेलेच पाहिजेत. सगळे जगले तरी मोजमाप चुकले, आणि सगळे मेले तरी चुकले. नागाच्या किंवा मण्यारीच्या विषाने मरणारा उंदीर श्वास कोंडून मरतो, घोणशीच्या विषाने मरणारा अंतर्गत रक्तस्रावाने. आणि हे होत असताना तो शुद्धीवर असतो.

निम्मे मारणाऱ्या मात्रेची ही कल्पना जे. डब्ल्यू. ट्रेव्हन या इंग्रज शास्त्रज्ञाची, १९२७ सालची. डिजिटॅलिस, इन्सुलिन यांसारख्या, त्या काळी रासायनिक रीतीने तोलता न येणाऱ्या औषधांचे बळ ठरविण्यासाठी त्याने ती काढली होती. पुढे ती रंग, साबण, कीटकनाशके अशा वाटेल त्या वस्तूला लावण्यात आली, आणि एकेका पदार्थामागे उंदरांचे गटच्या गट खर्ची पडू लागले. हा अतिरेक पन्नास वर्षांहून अधिक चालला. अखेर रासायनिक पदार्थांच्या तोंडावाटे द्यावयाच्या परीक्षेतून ती जुनी पद्धत आंतरराष्ट्रीय नियमावलीने २००२ मध्ये काढून टाकली आणि थोड्या प्राण्यांत भागणाऱ्या पद्धती आणल्या. प्रतिविषाच्या बाबतीत मात्र ती अद्याप कायम आहे.

ती तेथूनही जाईल काय? येथे विषयाला एक चांगले वळण मिळते. घोणस व फुरसे यांच्या विषाचा एक ठळक परिणाम म्हणजे रक्ताच्या गोठण्यात बिघाड. हा बिघाड पाहावयास जिवंत प्राणी लागत नाही. काचेच्या नळीत रक्तद्रव घेऊन त्यात विष घातले तरी तो दिसतो, आणि प्रतिविष घातल्याने तो थांबतो की नाही हेही दिसते. मध्य अमेरिकेतील कोस्टा रिका हा लहानसा देश सर्पदंशाच्या संशोधनात फार पुढे आहे. तेथील संशोधकांनी आपल्याकडच्या एका विषारी सापाच्या बाबतीत २०१५ मध्ये दोन गोष्टी दाखविल्या. एक, नळीतील परीक्षेचे निष्कर्ष उंदरांवरील निष्कर्षांशी जुळतात. दुसरी, उंदरांवरची परीक्षा करावीच लागली, तर त्यांना आधी वेदनाशामक औषध दिल्याने आकड्यांत फरक पडत नाही. ही दुसरी गोष्ट मला अधिक महत्त्वाची वाटते. वेदनाशामक दिले तर परीक्षा बिघडेल, ही सबब अनेक वर्षे पुढे केली जात होती. ती तपासून पाहावी असे कोणाच्या मनात आले नव्हते, इतकेच. नाग-मण्यारींचे विष मज्जातंतूंवर काम करते. तेथे नळीतील परीक्षा इतकी सोपी नाही. म्हणून आज तरी निदान खेपांची प्राथमिक निवड नळीत करावी, उरलेल्यांचीच परीक्षा उंदरांवर करावी, आणि उंदीर वाचत नाही असे स्पष्ट दिसताच त्याला त्या यातनेतून सोडवावे, एवढे करता येण्याजोगे आहे.

सवयीने चालत राहिलेल्या परीक्षेचा याहून बोलका दाखला आहे. विसाव्या शतकाच्या आरंभी घोड्यापासून केलेल्या अशा औषधांत टिकाऊपणासाठी फिनॉल घालीत. ते जास्त पडले आहे काय, किंवा औषधात धनुर्वाताचे विष शिरले आहे काय, हे पाहण्यासाठी प्रत्येक खेप काही गिनीपिगांना व उंदरांना टोचून ते आठवडाभर जगतात का हे पाहण्याची प्रथा पडली. पुढे फिनॉल मोजण्याच्या नेमक्या रीती आल्या, कारखाने स्वच्छ झाले. पण ही परीक्षा औषधकोशांतून शतकभर हलली नाही. तिने काय कळते हे कोणालाच नीट सांगता येईना. जागतिक आरोग्य संघटनेने ती बंद करण्याची शिफारस केली ती २०१८ मध्ये. औषधाने ताप येतो काय हे सशांवर पाहण्याची परीक्षाही अशीच निघाली आहे. युरोपच्या औषधकोशाने ती पूर्णपणे वगळण्याचा निर्णय २०२४ मध्ये घेतला.

आपला कायदा याविषयी काय म्हणतो? नृत्यांगना म्हणून आपण ज्यांना ओळखतो त्या रुक्मिणीदेवी अरुंडेल राज्यसभेच्या सदस्य असताना त्यांनी प्राण्यांच्या छळाविरुद्ध एक विधेयक मांडले होते. त्याच प्रयत्नांतून पुढे सरकारने १९६० चा कायदा आणला. त्याने प्राण्यांवरील प्रयोगांना बंदी केलेली नाही. नवे ज्ञान मिळविणे, जीव वाचविणे, यातना कमी करणे, रोगाशी लढणे, अशा हेतूंसाठी ते करण्यास मोकळीक आहे. पण त्याबरोबर प्रयोगांवर देखरेख करणाऱ्या समितीला जे धोरण आखून दिले आहे ते वाचण्यासारखे आहे: टाळता येईल तेथे प्रयोग टाळावा, पुस्तके, प्रतिकृती, चित्रपट यांनी शिकवून भागत असेल तेथे प्राणी वापरू नये, लहान प्राण्यावर भागत असेल तर मोठा घेऊ नये, शक्य तेथवर गुंगीचे औषध द्यावे, आणि नुसता हात बसावा म्हणून प्रयोग करू नये. योगायोग असा की, याच्या एकच वर्ष आधी, १९५९ मध्ये, इंग्लंडात रसेल व बर्च यांनी प्राणी वगळा, कमी करा, त्यांच्या यातना हलक्या करा, अशी जी त्रिसूत्री मांडली, तिचाच आशय आपल्या कायद्यात आहे.

या कायद्यातील हेतूंच्या यादीत सौंदर्यवर्धन नाही, हे मला नेहमीच सूचक वाटत आले आहे. तरीही पावडरी आणि रंग यांच्या परीक्षा आपल्याकडे प्राण्यांवर होतच होत्या. सशाच्या डोळ्यात पदार्थ घालून तो किती लाल होतो हे मोजण्याची पद्धत अमेरिकेतील जॉन ड्रेझ याने १९४४ मध्ये रूढ केली. १९८० मध्ये हेन्री स्पायरा या कार्यकर्त्याने एका बड्या प्रसाधन कंपनीला भर वर्तमानपत्रात याचा जाब विचारला, तेव्हा कोठे कंपन्यांनी दुसऱ्या रीती शोधण्यासाठी पैसा काढला. रीती मिळाल्या. भारताने प्रसाधनांची प्राण्यांवरील परीक्षा २०१४ मध्ये बंद केली आणि त्याच वर्षी अशा रीतीने पारखलेल्या परदेशी प्रसाधनांची आयातही थांबविली. त्यामुळे कोणाच्या चेहऱ्याचे तेज उणे झाल्याचे ऐकिवात नाही.

प्रतिविषाला असा सरळ निरोप देता येत नाही, कारण त्याच्या दुसऱ्या पारड्यात वर्षाची ५८,००० माणसे आहेत. तरी घोड्याला सुट्टी देण्याचे प्रयत्न चालू आहेत. मानवी प्रतिपिंडांच्या, प्रयोगशाळेत बनविलेल्या संग्रहातून निवडून काढलेले एक प्रतिपिंड अमेरिकेतील व बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतील संशोधकांनी २०२४ मध्ये जाहीर केले. नाग, मण्यार व आफ्रिकेतील माम्बा यांच्या विषांत असणाऱ्या एका कुळातील विषद्रव्यांना ते आवरते. २०२५ च्या आरंभी डेव्हिड बेकर यांच्या चमूने तर संगणकावर आराखडा करून अशी लहान प्रथिने घडविली. दोन्हींत घोडा नाही. मात्र ती गुणकारी आहेत हे सिद्ध केले ते पांढऱ्या उंदरांवरच. आणि ही द्रव्ये विषातील एकेका घटकापुरती आहेत; घोणशीच्या विषात निरनिराळ्या प्रकारची अनेक द्रव्ये असतात. तालुक्याच्या दवाखान्यात परवडेल असे, चारही सापांवर चालणारे औषध यातून निघावयास अजून अवकाश आहे.

सगळेच ज्ञान प्राण्यांवाटे येते असे मात्र कोणी समजू नये. कोकणात विंचवाच्या दंशाने माणसे, विशेषतः मुले, मरत असत. महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी रुग्णांच्या खाटेशी बसून, त्यांच्या हृदयाचे व रक्तदाबाचे बारकाईने निरीक्षण करून, प्राझोसिन हे औषध त्यावर लागू पडते हे दाखविले आणि मृत्यूंचे प्रमाण झपाट्याने खाली आले. हे माणसांकडे पाहून मिळालेले ज्ञान आहे. अर्थात प्राझोसिन हे रक्तदाबाचे औषध म्हणून बाजारात येण्यापूर्वी प्राण्यांच्या परीक्षांतून गेलेले होते, हेही प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे.

आता ज्या गोष्टीसाठी मी ही कुपी हाती घेतली, तिच्याकडे येतो. तयार झालेली कुपी वाया जाणे म्हणजे घोड्याचे रक्त आणि उंदरांचे मरण वाया जाणे. आणि ती आपल्याकडे दोन मार्गांनी वाया जाते.

पहिला मार्ग असा. आपल्या प्रतिविषासाठी लागणारे बहुतेक विष तमिळनाडूतील इरुळा या सर्पज्ञ जमातीच्या सहकारी संस्थेकडून येते. १९७८ मध्ये निघालेल्या या संस्थेने मोठेच काम केले आहे. तेथे सापाचे विष काढून त्याला पुन्हा रानात सोडतात. परंतु एकाच जातीच्या सापाचे विष प्रदेशाप्रदेशाला बदलते. तमिळनाडूतील नागाच्या विषावर पोसलेले प्रतिविष माळव्यातल्या वा पंजाबातल्या नागापुढे तितकेच पुरे पडेल असे नाही. बंगळूरच्या संशोधकांनी २०१९ मध्ये हे प्रयोगांनी दाखविले. शिवाय पश्चिम घाटाच्या दक्षिण अंगाला नाक वर उचललेला एक लहान विषारी साप आहे. तो या चौघांत मोडतच नाही आणि त्याच्यावर आपली कुपी चालत नाही. जेथला साप तेथलेच विष घेऊन औषध केले, तर कमी कुप्यांत रुग्ण बरा होईल, म्हणजे तितकेच कमी रक्त घोड्याचे काढावे लागेल. येथे शेतकऱ्याचे हित आणि घोड्याचे हित एकच आहे. मार्च २०२४ मध्ये केंद्र सरकारने सर्पदंशाचे मृत्यू २०३० पर्यंत निम्म्यावर आणण्याचा राष्ट्रीय आराखडा जाहीर केला. त्याची अंमलबजावणी करताना प्रदेशवार विष जमविण्याच्या सोयीकडे लक्ष दिले जाते की नाही, हे आपण विचारीत राहिले पाहिजे.

दुसरा मार्ग दवाखान्यातला आहे. साप चावला की विषबाधा झालीच असे नव्हे. बहुतेक साप बिनविषारी असतात, आणि विषारी सापही पुष्कळदा विष न सोडताच चावतो. परंतु नातेवाईक घाबरलेले असतात, भोवती गर्दी जमलेली असते. मग लक्षण दिसत नसतानाही कुप्या फोडल्या जातात. घोड्याच्या प्रथिनाने रुग्णाला अंगावर पित्त उठण्यापासून रक्तदाब एकदम उतरण्यापर्यंत त्रास होऊ शकतो, तो वेगळाच. आणि त्याच रात्री मागाहून आलेल्या, खरोखर विष भिनलेल्या रुग्णासाठी कपाटात कुपी उरत नाही.

हे टाळण्याची जी परीक्षा आहे ती कोणत्याही आरोग्यकेंद्रात होण्याजोगी आहे. कोरड्या, स्वच्छ काचेच्या नळीत रुग्णाच्या शिरेतले दोन मिलिलिटर रक्त घ्यावयाचे आणि नळी न हलविता वीस मिनिटे उभी ठेवावयाची. मग ती हलकेच कलती करून पाहावयाची. रक्त पातळच राहिले असेल, तर घोणशीचे किंवा फुरशाचे विष अंगात आहे. कुप्या ताबडतोब काढाव्यात. ते गोठले असेल, पापण्या मिटत नसतील, गिळावयास त्रास नसेल आणि दंशाच्या जागी सूज चढत नसेल, तर रुग्णाला चोवीस तास नजरेखाली ठेवून हीच परीक्षा पुन्हा पुन्हा करावी. नाग-मण्यारींच्या विषाने रक्त गोठावयाचे थांबत नाही, म्हणून पापण्यांकडे आणि श्वासाकडे लक्ष हवेच. मण्यारीचे विष तर काही तासांनीही अंगावर येते. तोपर्यंत कुप्या कपाटातच राहू द्याव्यात.